छोट्या रेल्वेचे अवघड गणित

प्रतिकृती रेल्वेगाड्यांचे ब्रिटनमधील नामवंत विक्रेते 'हॅटन्स' यांनी जानेवारी २०२४ मध्ये व्यवसाय बंद करण्याची घोषणा केली. १९४६ पासूनची ही पेढी होती. त्याआधी २००९ मध्ये जर्मनीतील 'मेर्कलिन' या दीडशे वर्षांच्या कंपनीवरही दिवाळखोरीची वेळ आली होती. छंद मागे पडला, एवढ्यानेच या घटनांचा उलगडा होत नाही.

खरी मेख खर्चाच्या रचनेत आहे. नवे इंजिन बाजारात आणायचे, तर आराखडे आणि साचे यांवर आधीच मोठी रक्कम गुंतवावी लागते. शंभर नग विकले काय किंवा दहा हजार, हा खर्च टळत नाही. ग्राहक मूठभर असल्याने प्रत्येक नगावर त्याचा बोजा पडतो. म्हणूनच एकच साचा निरनिराळ्या रंगांत व क्रमांकांत पुन्हा पुन्हा वापरला जातो. उत्पादन चीनमध्ये नेल्याने मजुरीत बचत झाली. मात्र तेथील मजुरीही पुढे वाढत गेली.

अशा बाजारात स्पर्धाही महागात पडते. 'टेरियर' या वाफेच्या छोट्या इंजिनाची प्रतिकृती २०१९ च्या सुमारास 'हॉर्नबी' आणि 'डॅपोल' या दोघांनीही काढली. साचे दोन, गिऱ्हाईक मात्र तेच!

किंमत वाढवावी तर नवी पिढी दुरावते, न वाढवावी तर नवा साचा परवडत नाही. 'हॉर्नबी'ने २०२२ मध्ये कमी जागेत मावणाऱ्या १:१२० प्रमाणातील गाड्या आणल्या. त्यासाठीही साचे नव्यानेच करावे लागले. नवा ग्राहक मिळाला, तरच ही गुंतवणूक सार्थकी लागेल.