इथल्या इथे

मराठीतला सर्वांत घातक शब्दप्रयोग कुठला, असं मला कुणी विचारलं (अद्याप कुणी विचारलेलं नाही), तर मी बेधडक सांगेन, 'इथल्या इथे'!

करंजाड्याहून पनवेल स्टेशन म्हणजे इथल्या इथे. म्हणून एका सकाळी मी कडक इस्त्रीची टेरिकॉटची पँट चढवून मोटारसायकलवर निघालो आणि वळणावरच्या वाळूत इथल्या इथे आडवा झालो. हेल्मेटमुळे डोकं (होतं तेवढं) शाबूत राहिलं. गुडघ्याची मात्र साल निघाली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ डोक्याची काळजी घेतं. गुडघ्याबद्दल अवाक्षर नाही!

मग रायडिंगची पँट घ्यायला गेलो. विक्रेत्याने विचारलं, "लडाखला का, साहेब?"

"नाही. मेथी आणायला."

त्याचा चेहरा पडला. माझा वाद नेमका इथेच आहे. रस्ता काय लडाखवाल्यालाच सोलतो? कंटेनरच्या मागून जाणाऱ्या कारकुनाची कातडी काय गेंड्याची असते?

युरोपात या कपड्यांसाठी 'ईएन १७०९२' नावाचं मानक आहे. त्यात 'एएए' सर्वांत दणकट, मग 'एए', मग 'ए'. विक्रेता अर्थातच 'एएए'वर अडून बसला. पण आमच्याकडच्या मे महिन्यात ती पँट खुंटीवरच राहणार, आणि खुंटी काही घसरून पडत नाही! जी रोज घातली जाईल तीच खरी दणकट. म्हणून मी जाळीची, हलकी 'ए' घेतली. ऑफिसच्या पँटवरून चढते, बाजूच्या लांब चेनने दारातच उतरते. गुडघ्यावरच्या गाद्यांवर 'ईएन १६२१-१' ही खूण पाहून घेतली. आणि एक गुपित सांगतो : ही पँट आरशासमोर उभं राहून घेऊ नये, मोटारसायकलवर बसून घ्यावी. उभ्याने गुडघ्यावर असलेली गादी बसताच नडगीवर उतरत असेल, तर ती नडगीचीच सेवा करणार.

घरी आल्यावर सौ. हसत सुटली. "अहो, यष्टिरक्षक! मेथी झेलणार आहात का?"

मी तिला वरचं सगळं व्याख्यान ऐकवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि मागे मी बसते, त्या माझ्या गुडघ्यांचं काय?"

मी म्हणणार होतो, "अगं, आपल्याला इथल्या इथे तर..."

जीभ चावली. उद्या पुन्हा त्याच दुकानात चाललोय. दोघं.