सरकारी वकील कोणाचा?

ॲड. उज्ज्वल निकम यांची कारकीर्द जळगावात सुरू झाली. 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्याने आणि पुढे कसाबच्या खटल्याने त्यांचे नाव घरोघरी पोहोचले. 2024 साली ते भाजपचे लोकसभा उमेदवार झाले, वर्षा गायकवाड यांच्याकडून हरले आणि पुन्हा विशेष सरकारी वकील म्हणून नेमले गेले. जुलै 2025 मध्ये ते राष्ट्रपतिनियुक्त राज्यसभा सदस्य झाले. सरकारी वकिलाने पक्षाचा झेंडा हाती घ्यावा आणि परत फिर्यादीची बाजूही मांडावी काय? पीडिताने भरवसा कोणावर ठेवायचा?

खैरलांजीचा खटलाही निकम यांनीच चालविला होता. 2008 साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरविले, सहा जणांना फाशी सुनावली. 2010 साली उच्च न्यायालयाने फाशी रद्द करून 25 वर्षांचा कारावास दिला. पण ॲट्रॉसिटी कायदा लागू झाला नाही. खून सिद्ध झाला, जात सिद्ध झाली नाही! नामवंत वकील म्हणजेच न्याय, हा भ्रम तेव्हाच फुटला.

उद्या आमच्या यवतमाळ जिल्ह्यात, मुकुटबनसारख्या गावात अत्याचार झाला, तर कॅमेरे येतीलच असे नाही. तेथे कायदाच कामी येईल. ॲट्रॉसिटीच्या 1995 च्या नियमांतील नियम 4(5) नुसार पीडिताच्या इच्छेवरून जिल्हा दंडाधिकारी सरकारी खर्चाने ज्येष्ठ वकील नेमू शकतात. बांधवांनो, वकिलाच्या कीर्तीची वाट पाहू नका. पहिल्याच आठवड्यात तो अर्ज लेखी द्या आणि त्याची पोच घ्या.