शिक्क्याची किंमत, शब्दाची पत

बाजारातून आणलेल्या वस्तूंवरच्या खुणा आपण सहसा वाचत नाही. मोबाइलचा चार्जर, मुलाचे खेळणे, केस वाळवायचे यंत्र, कशाच्याही तळाशी बारीकशी ‘सीई’ ही दोन रोमन अक्षरे सापडतात. दुकानदाराला विचारावे तर ‘इम्पोर्टेड माल आहे, बिनधास्त न्या’ एवढेच उत्तर मिळते. ‘सीई’ म्हणजे ‘चायना एक्स्पोर्ट’ असे छातीठोकपणे सांगणारेही भेटतात. मात्र अशी कोणतीही स्वतंत्र खूण अस्तित्वात नाही.

मग ही खूण आहे तरी काय? युरोपीय संघाच्या बाजारात ठरावीक प्रकारच्या वस्तू विकायच्या, तर त्या सुरक्षिततेच्या तिथल्या नियमांत बसतात, असे उत्पादकाने स्वतःच्या सहीनिशी जाहीर करावे लागते. त्या जाहीरनाम्याची ही खूण. ती दर्जाचे पदक नव्हे, की कोणा सरकारी साहेबाने मारलेला शिक्काही नव्हे. जास्त जोखमीच्या वस्तूंसाठी मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासणी करून घ्यावी लागते. पण पुष्कळशा वस्तूंच्या बाबतीत उत्पादकच चाचण्या करतो, कागदपत्रे तयार करतो, सही करतो आणि खूण लावतो. ती कागदपत्रे सर्वसाधारणपणे दहा वर्षे जपून ठेवायची. उद्या अपघात झाला, तर ती दाखवायची जबाबदारीही त्याचीच. थोडक्यात, हा दिलेला शब्द आहे.

तो सगळ्याच वस्तूंना लागत नाही, हेही ध्यानात घ्यायला हवे. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन लाभले आहे. ती उद्या युरोपात गेली, तर तिला खाद्यपदार्थांचे कडक नियम लागतील, पण पुडीवर ‘सीई’ लावता येणार नाही. जिथे ही खूण लागत नाही तिथे ती लावणे, हाच तिथे गुन्हा आहे. आपला चरखा घ्या. ज्याला माणसाच्या किंवा जनावराच्या बळाखेरीज दुसरी चालना असते ते यंत्र, अशी युरोपच्या कायद्यातली यंत्राची व्याख्या आहे. म्हणजे हाताने फिरवायचा चरखा त्या व्याख्येत बसतच नाही. त्याला सौरऊर्जेवरची मोटार जोडली, की मात्र यंत्राचे नियम लागू होतात. बोट अडकेल का, विजेचा धक्का बसेल का, हे प्रश्न मोटारीबरोबरच येतात.

वर्धेकरांना हा विषय परका वाटायचे कारण नाही. वस्तूवरच्या खुणेमागे नैतिक जबाबदारी असते, हा विचार या मातीत फार पूर्वी रुजला. १९३४ मध्ये मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम सुरू झाले, कुमारप्पांनी त्याची धुरा वाहिली. १९३५ मध्ये चरखा संघाने कातणाऱ्या बाईला किमान मजुरी देण्याचे धोरण स्वीकारले. त्यामुळे खादी महागली, तरी गांधीजी मागे हटले नाहीत. प्रमाणित खादी म्हणजे नुसते हातचे सूत नव्हे. ते कातणारीला पोटापुरते मिळाले आहे, ही ग्वाहीही त्यात होती. युरोपची खूण सांगते, की वापरणाऱ्याला इजा होणार नाही. बनवणाऱ्याचे काय झाले, यावर ती गप्प आहे. या बाबतीत मगनवाडीचे प्रमाणपत्र ब्रुसेल्सच्या चार पावले पुढे होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

पण जुन्या पुण्याईवर नवा माल विकला जात नाही. बचत गटातल्या एखाद्या बाईने खादीच्या चिंध्यांची सुरेख बाहुली केली, असे समजू. कापडाला ‘सीई’ लागत नाही, पण बाहुली हे खेळणे असल्यामुळे तिला लागते. डोळ्यांच्या जागी लावलेली गुंडी नऊ किलोच्या आसपास ओढ दिली तरी सुटता कामा नये. सुटून आलेला तुकडा जेमतेम बत्तीस मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात मावला, तर तीन वर्षांखालच्या मुलांसाठी ती बाहुली बाद. कारण तेवढा तुकडा लेकराच्या घशात अडकू शकतो. हा नियम जाचक म्हणायचा, की आईच्या मनातलीच भीती कोणी मोजून कागदावर उतरवली म्हणायचे?

इथेच आपला दुटप्पीपणा उघडा पडतो. निर्यातीच्या बाहुलीची गुंडी आपण ओढून पाहू. जत्रेत घेतलेल्या बाहुलीची पाहतो का? आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून सूट मिळाली, आणि गरीब कारागिराच्या दृष्टीने ती योग्यही होती. पण गुंडी गिळणाऱ्या मुलाला सूट-सवलत कळत नाही. म्हणून कारागिराला नियमातून सोडवण्यापेक्षा चाचणीच्या खर्चातून सोडवणे जास्त शहाणपणाचे. मगनवाडीच्याच परिसरात आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था उभी आहे. अशा संस्थांतून गावच्या कारागिराला अल्प दरात चाचणी आणि कागदपत्रांसाठी मदत मिळाली, तर खेळण्याची परीक्षा देणे त्याला जड जाणार नाही. १९९० च्या दशकात जर्मनीने घातक अॅझो रंगांवर बंदी घातली, तेव्हा आपले कापडवाले हवालदिल झाले होते. १९९७ मध्ये आपल्या सरकारनेही तसे रंग बंद केले. त्या बंदीचा लाभ शेवटी कोणाला झाला? इथल्याच रंगाऱ्यांना आणि ते कपडे अंगावर घालणाऱ्यांना.

राहता राहिला ग्राहक, म्हणजे आपण. चार्जरवर ‘सीई’ पाहून हुरळून जाऊ नये. आपल्या देशात त्याला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी खूण लागते, ती शोधावी. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, अशी गत छापील खुणांचीही होऊ शकते. दोन अक्षरे छापायला काही लागत नाही. त्यामागे कोण उभे आहे, त्याचा पत्ता काय आणि वस्तू बिघडली तर तो सापडेल का, हे तीन प्रश्न प्रत्येक खरेदीच्या वेळी विचारायची सवय घराघरांत लागली, तर निम्मे काम झाले. उत्तर मिळत नसेल, तर वस्तू तिथेच ठेवून पुढच्या दुकानी जावे.