बाबासाहेब आणि आपला बांध

डिसेंबर उजाडला की ज्वारी पोटरीत येते, कापसाची वेचणी अंगावर पडते आणि कॅलेंडरात दोन तारखा शेजारी शेजारी येतात. ५ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिण आफ्रिकेचे नेल्सन मंडेला गेले. ६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर गेले. भारत सरकारने या दोघांनाही १९९० या एकाच वर्षी भारतरत्न दिले. एकाला मरणानंतर चौतीस वर्षांनी, दुसऱ्याला सत्तावीस वर्षांचा तुरुंगवास संपल्यावर काही महिन्यांतच.

दौंड तालुक्यातल्या मागच्या बैठकीत या अंकाचा विषय निघाला, तेव्हा एका शेतकरीबंधूने विचारले, "आपण भावाचं बोलू, पाण्याचं बोलू. बाबासाहेबांचं बोलायला त्यांची माणसं आहेत. आपल्या पत्रिकेत ते कशाला?" विचारणाऱ्याच्या मनात खोट नव्हती. बऱ्याच माना डोलल्या. म्हणूनच उत्तर खासगीत न देता इथे देत आहोत.

आधी मंडेलांच्या देशाकडे पाहू. तिथल्या काळ्या माणसाची गुलामी गोऱ्यांच्या बाकापासून आणि गोऱ्यांच्या डब्यापासून सुरू झाली, असे आपल्याला वाटते. ती सुरू झाली जमिनीपासून. १९१३ साली तिथे जमिनीचा कायदा झाला. लोकसंख्येत बहुसंख्य असलेल्या काळ्यांसाठी देशातली सुमारे सात टक्के जमीन राखून ठेवली आणि बाकीच्या जमिनीत त्यांना खरेदीची बंदी झाली. १९३६ साली ते प्रमाण तेरा टक्क्यांच्या आसपास नेले. ज्याच्या पायाखाली जमीन नाही तो मिळेल त्या मजुरीवर खाणीत आणि गोऱ्याच्या मळ्यात जातो. वंशभेदाची सगळी इमारत या हिशेबावर उभी होती.

आता आपल्या गावाकडे पाहा. आपल्याकडे असा कायदा करायची गरजच पडली नाही. काम रूढीने भागले. महार वतन म्हणजे काय होते? इनामाचा लहानसा तुकडा आणि बलुत्याची पेंढी. त्या बदल्यात सरकारची आणि गावाची रात्रंदिवस चाकरी. बाप आजारी असेल तर पोराने जायचे. जमीन नावाला वतनाची, प्रत्यक्षात माणूस वतनाचा. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. या जमिनी रयतवारीत आणा, सारा घ्या, पण चाकरीची बेडी तोडा, असा त्याचा रोख होता. ते विधेयक तडीस गेले नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा यायला १९५८ साल उजाडले. तोवर बाबासाहेब राहिले नव्हते.

म्हणजे त्यांच्या लढ्याचे मूळ सात-बाऱ्यात आहे. महाडचे तळे १९२७ चे, पुण्यातल्या पर्वतीचा सत्याग्रह १९२९ चा. पाणी आणि देऊळ या गोष्टी सगळ्यांना ठाऊक असतात. वतनाची गोष्ट मात्र गावाने सोयीस्करपणे विसरून टाकली.

दुसरी गोष्ट खास आमच्या शेतीशाळेच्या विषयातली. १९१८ साली, म्हणजे मंडेलांच्या जन्माच्या वर्षी, बाबासाहेबांनी भारतातल्या लहान शेतांविषयी एक निबंध लिहिला. त्या काळी सरकारी आणि शहाणी मंडळी एकच पालुपद आळवत होती : शेते लहान झाली म्हणून शेतकरी गरीब झाला, तेव्हा तुकडे जोडा. बाबासाहेबांनी विचारले, लहान म्हणजे कशाच्या मानाने लहान? एकरांवर शेत लहानमोठे ठरत नाही. त्यावर लागणारे बैल, अवजारे, भांडवल यांच्या प्रमाणात ते ठरते. ज्याच्याकडे बैलजोडी नाही, तिफण नाही, त्याला आहे ते शेतही मोठेच आहे. खरे दुखणे भांडवलाच्या टंचाईत आणि शेतीवर निष्कारण अडकून पडलेल्या हातांत आहे. हे हात दुसऱ्या कामाला लागले पाहिजेत, म्हणजे उद्योग वाढले पाहिजेत, असा त्यांचा निष्कर्ष होता.

आम्ही शेतकी महाविद्यालयात चार वर्षे घालवली. हा निबंध आमच्यापुढे कोणी ठेवला नाही. पुढे बांधावर येऊन पाहिले तेव्हा त्याचा अर्थ कळला. पाच एकर मालदांडी पेरणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याला ज्ञान कमी पडते म्हणून तो बुडत नाही. पेरणीच्या वेळी हातात पैसा नसतो आणि काढणीच्या वेळी भाव नसतो, म्हणून तो बुडतो. शेतीत भांडवल साठू दिले जात नाही, हे आपल्या चळवळीने चाकणच्या कांद्यापासून ओरडून सांगितले. भांडवल नाही म्हणून शेती खचते, हे एका सत्तावीस वर्षांच्या तरुणाने त्याच्या साठ वर्षे आधी कागदावर मांडले होते.

आज शिरूरला रांजणगावची आणि दौंडला कुरकुंभची औद्योगिक वसाहत आहे. शेतावरचे हात उद्योगाला लागावेत, ही अपेक्षा वरवर पाहता पुरी झाली. पण आपल्या घरातली पोरे तिथे कशी जातात? बहुतेक कंत्राटावर. त्यांच्यासाठीही एक गोष्ट सांगतो. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घालणारी कारखाना कायद्याची दुरुस्ती १९४६ ची. तिची आखणी त्यांच्याच खात्यात झाली. पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्याच खात्याकडे होते, दामोदर खोऱ्याच्या योजनेची पायाभरणी त्याच काळातली. पोरगा कारखान्यातून आठ तासांनी घरी येतो, यात त्यांचा वाटा आहे. बारा तासांनी येत असेल, तर त्यांनी मिळवून दिलेले आपण सांभाळले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

तिसरी गोष्ट कोकणातली. तिथे खोत सरकार आणि कूळ यांच्या मध्ये बसून मलिदा खात असे. अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या पुढारपणाखाली १९३३ पासून १९३९ पर्यंत संप केला. खोताची जमीन कसायचीच नाही, उपाशी राहू, जंगलातली लाकडे विकू, पण नांगर धरणार नाही, असा तो निर्धार. बाबासाहेब त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक विधानसभेत मांडले. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी मुंबईत विधानसभेवर चालून गेले. त्या मोर्चात कोण होते? कुणबी होते आणि महारही होते. दोघांची पाठ एकाच काठीने सुजलेली होती. आपण ज्यांना "त्यांची माणसं" म्हणतो, ती त्या दिवशी कोण होती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

त्यांचे सारेच आम्हाला मान्य आहे, असे मात्र नाही. १९४७ साली घटनेसाठी लिहिलेल्या निवेदनात त्यांनी शेतजमीन सरकारच्या मालकीची करून सामुदायिक शेती करावी, असे सुचवले होते. भूमिहीनाला जमीन मिळण्याचा दुसरा मार्ग त्यांना दिसत नव्हता. सरकार शेतीत शिरले की काय होते, हे लेव्हीच्या आणि झोनबंदीच्या दिवसांत आपण भोगले आहे. औषध आम्हाला पटत नाही. रोगाचे निदान मात्र नाकारता येत नाही. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह केला तो याच निदानावर. हजारो माणसे तुरुंगात गेली. मंडेलांच्या सरकारनेही १९९४ साली पाच वर्षांत तीस टक्के शेतजमीन काळ्यांकडे देण्याचे ठरवले होते. ते उद्दिष्टाच्या जवळपासही पोहोचले नाही. मत मिळाले, जमीन राहिली. असे होणार, याचा इशारा बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४९ मध्ये घटना समितीत दिला होता : राजकारणात समता आणि संसारात विषमता फार दिवस एकत्र नांदणार नाहीत.

आता आपल्या वेशीवर येऊ. कोरेगाव भीमा शिरूर तालुक्यात आहे. नदीकाठच्या जयस्तंभाला बाबासाहेबांनी १ जानेवारी १९२७ रोजी भेट दिली. १८१८ च्या लढाईचा अर्थ काय, यावर पंडितांनी खुशाल वाद घालावा. आम्हाला १ जानेवारी २०१८ आठवते. त्या दिवशी दगड उडाले, गाड्या आणि दुकाने जळाली, एका तरुणाचा जीव गेला. दगड कोणी मारला, कोणी सांगितला, हे न्यायासनाने ठरवावे. आपल्यापुरता प्रश्न एवढाच : त्या साली कापसावर बोंडअळी पडली होती, शेतमालाचे भाव पडले होते आणि आपल्या तालुक्यातल्या पोरांच्या हातांना दुसरे काम नव्हते काय? शेतकऱ्याचे पोर मजुराच्या पोरावर धावून जाते, तेव्हा दोघांच्या घामाचा हिशेब मागणारे कोणी उरत नाही. लुटणाऱ्याला याहून स्वस्त बंदोबस्त कोठे मिळणार?

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आम्ही तीन गोष्टी ठेवत आहोत. पहिली, ज्वारी-कापसाच्या भावाच्या मागणीत खुरपणाऱ्या आणि वेचणाऱ्या बाईची पुरी मजुरी धरूनच उत्पादनखर्च काढावा. भाव मिळाला तर तिची मजुरी आधी चुकती व्हावी. भाव नाही म्हणून मजुरी नाही, ही सबब आपण सरकारच्या तोंडी ऐकतो तशीच ती आपल्या तोंडी ऐकते. दुसरी, आपापल्या गावातल्या वतनी जमिनींचे उतारे काढावेत. कोणाचा तुकडा अडचणीच्या वेळी कवडीमोलाने आपल्यातल्याच कोणाकडे आला असेल, तर ते बैठकीत उघड बोलावे. कडू आहे, पण दुसऱ्याकडे रास्त दाम मागणाऱ्याने स्वतः ते दिलेले असावे. तिसरी, येत्या १ जानेवारीला कोरेगावच्या रस्त्यावर आपल्या कार्यकर्त्यांनी पिण्याच्या पाण्याचे रांजण भरून ठेवावेत. फलक नको, भाषण नको. महाडला ज्यासाठी मार खावा लागला, ते पाणी आपल्या हातून जावे, एवढेच.

बैठकीत प्रश्न विचारणाऱ्या बंधूला आमचे उत्तर हे आहे. त्यांना पटले नाही तर त्यांनी पुढच्या बैठकीत उभे राहून तसे सांगावे. पण रांजण भरायला यावे.