इहिदे सितैन म्हणजे कोणतं साल?

मंगळवारी एका विद्यापीठात एम.ए.च्या लघुप्रबंधांच्या तोंडी परीक्षेला बाहेरचा परीक्षक म्हणून गेलो होतो. एका मुलीचा विषय होता पानिपतच्या सुमाराच्या सावकारी हुंड्या. मुलगी हुशार, वाचन भरपूर. परिशिष्टात तिने एका मोडी पत्राचा फोटो जोडला होता. म्हटलं, पहिली ओळ वाच. वाचता येईना. लिप्यंतर तिने पैसे देऊन करून घेतलं होतं.

त्यात साल होतं ‘इहिदे सितैन मया व अलफ’, महिना जमादिलाखर. म्हणजे मराठी कागदांत येणाऱ्या सुहूर कालगणनेचं ११६१. त्यात ५९९ मिळवून तिने १७६० लावलं होतं. पण सुहूर वर्ष मृगाला बदलतं. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. त्या वर्षी जमादिलाखर आला जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणून पत्र १७६१चं. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ची. एका आकड्याने पत्र वर्षभर मागे गेलं आणि त्यावर उभा केलेला अख्खा निष्कर्ष कोसळला. तिला रडू आलं. तिला मी दोष देत नाही. हे तिला दोन वर्षांत कुणी शिकवलंच नव्हतं.

मोडीवर पूर्वीही लिहिलं, तेव्हा काही प्राध्यापकांनी कळवलं की महत्त्वाचं सगळं छापून झालंय. इतिहासकार सरदेसाईंनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड काढले, ते प्रचंड काम आहे. पण ती त्यांची निवड आहे, त्यांच्या प्रश्नांसाठी केलेली. हुंड्या, बलुतं, बायकांचे वारसाहक्क हे आजचे प्रश्न घेऊन गेलं की दफ्तरातले रुमाल, म्हणजे कागदांची गाठोडी, पुन्हा सोडावे लागतात.

टोरोंटो विद्यापीठात मध्ययुगीन अभ्यासाचं केंद्र आहे, १९६४ पासूनचं. तिथल्या लॅटिनच्या दोन परीक्षा त्या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहेत: एक एम.ए.च्या पातळीची, दुसरी पीएच.डी.च्या. समोर मध्ययुगीन लॅटिन उतारे ठेवतात, त्यांचं भाषांतर करायचं. आता हा देश कोणता ते बघा. कॅनडाच्या भूमीवर मध्ययुगीन युरोपातली एकही सनद लिहिली गेली नाही. लॅटिन तिथल्या कुणाच्या घरी बोलत नाहीत. तरी त्या काळावर बोलायचं तर त्या काळाची भाषा आली पाहिजे, एवढं साधं तत्त्व त्यांनी धरून ठेवलं आहे.

आपल्याकडे कागद पुण्यातच आहेत. भाषा आपल्या आजीची आहे. शिकायची आहे फक्त लिपी: आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली हात न उचलता लिहिलेली, शब्दांत जागा न सोडणारी, ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर न करणारी. अक्षरं काही आठवड्यांत येतात, कारकुनांचं वळण ओळखायला काही महिने लागतात. दोन वर्षांच्या एम.ए.त तेवढे महिने नाहीत? बहुतेक ठिकाणी मोडी ऐच्छिक किंवा वेगळ्या प्रमाणपत्र वर्गात. त्या वर्गांत मला निवृत्त बँक कर्मचारी आणि गडप्रेमी भेटतात, इतिहासाचे एम.ए. क्वचित. फारसीचं तर विचारायलाच नको.

माझ्या मते याचं मूळ प्राध्यापकीच्या पात्रतेसाठीच्या नेट परीक्षेत आहे. २०१२ पासून ती पूर्ण बहुपर्यायी झाली आणि वर्गातही चार पर्यायांत बसेल तेवढाच इतिहास उरला. हे मी पूर्वीही म्हटलंय, आजही त्यावर ठाम आहे. आणि २०२३ साली कुणबी नोंदी शोधताना सरकारला मोडी वाचणारे शोधत फिरावं लागलं, तेव्हा ही लिपी कुणाच्या कामाची, हा प्रश्न निकालात निघाला.

अभ्यास मंडळांच्या सदस्यांना कळकळीची विनंती आहे. पुढच्या बैठकीत एकच ठराव आणा: मराठ्यांच्या इतिहासावर लघुप्रबंध लिहू इच्छिणाऱ्याने आधी न पाहिलेलं एक मोडी पान परीक्षकासमोर वाचावं आणि त्याची तारीख लावावी. जमलं नाही तर पुन्हा बसू द्या, तिसऱ्यांदाही बसू द्या. पण ते पान वाचल्याशिवाय विषय मंजूर करू नका.