नायगावच्या पोरांना आधी विचारा

प्रति,
शिक्षणाधिकारी आणि कार्यकारी आरोग्य अधिकारी,
बृहन्मुंबई महानगरपालिका

महोदय,

शाळेत डॉक्टर येतात, उंची-वजन घेतात, दात-डोळे बघतात. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमही आहे. चांगलंच आहे. पण आठवीतल्या मुलीला मनातलं आईवडिलांशी बोलता येतं का, वर्गात तिला कुणी छळतं का, रात्री झोप लागते का, हे त्या तपासणीत कुणी विचारत नाही.

1982 साली इंग्लंड, फिनलंड आणि नॉर्वेतल्या संशोधकांनी असे प्रश्न थेट मुलांना विचारायचं ठरवलं. त्याच वर्षीच्या जानेवारीत आपल्या गिरणगावात गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगारांच्या पगाराचा, देण्यांचा, गिरण्यांच्या जमिनींचा हिशेब पुढे कितीदा तरी मांडला गेला. त्या वेळी शाळेत असलेल्या त्यांच्या पोरांविषयी मात्र आपण आजही बोलतो ते आठवणींवर, नाटक-सिनेमावर विसंबून. तिकडे मात्र मुलांना विचारण्याचं ते काम जागतिक आरोग्य संघटनेनं उचललं. दर चार वर्षांनी 11, 13 आणि 15 वर्षांच्या मुलांना तेच प्रश्न विचारले जातात. 2021-22 मध्ये 44 देश-प्रदेशांतल्या सुमारे 2,80,000 मुलांनी उत्तरं दिली. त्यांत भारत नाही.

आपल्याकडे मोजणारे नाहीत असं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची धुरा सांभाळणारी संस्था आपल्याच देवनारला आहे. त्या सर्वेक्षणानं 2019-21 मध्ये 15 ते 19 वयाच्या 59 टक्के मुलींमध्ये रक्तक्षय असल्याचं दाखवलं. पण त्यात रक्त तपासलं ते पाच वर्षांखालच्या बाळांचं आणि पंधराच्या पुढच्यांचं. मधली शाळेची वर्षं निसटली. एनसीईआरटीनं 2022 मध्ये पावणेचार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांना विचारलं, तेव्हा बहुतेकांनी अभ्यास, परीक्षा आणि निकालाची धास्ती सांगितली. पण देशाच्या त्या आकड्यावरून लालबागच्या शाळेत समुपदेशक नेमायचा की मैदान मोकळं करायचं, हे तुम्हाला कसं कळणार?

म्हणून मागणी एवढीच, की मुंबईची स्वतःची पाहणी सुरू करा आणि दर चार वर्षांनी ती न चुकता करा. फक्त तिकडच्या प्रश्नावलीचं भाषांतर करून वाटू नका. घरची सुबत्ता ओळखायला तिथे विचारतात: तुला स्वतःची खोली आहे का, घरात न्हाणीघरं किती, भांडी धुण्याचं यंत्र आहे का? चाळीतल्या मुलाची तिन्ही उत्तरं आधीच ठाऊक आहेत. त्याला विचारायला हवं, की अभ्यासाला कुठे बसतोस, घरात की अभ्यासिकेत? रात्री झोपतोस कुठे? सकाळी संडासच्या रांगेमुळे शाळा चुकते का? घरात भांडण झालं की कुणाच्या दारात जाऊन बसतोस? गेल्या वर्षभरात झालेल्या दुखापतींचा प्रश्न तिकडे असतोच. आपल्याकडे त्यात दहीहंडीचा सराव घाला. चौदा वर्षांखालच्या मुलांना थरांवर चढवायला मनाई आहे म्हणे. सरावाच्या रात्री किती पाळली जाते, ते पोरंच सांगतील.

आता घाईचं कारण. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींतली कुटुंबं 160 चौरस फुटांच्या खोलीतून 500 चौरस फुटांच्या घरात जात आहेत. वरळीत ऑगस्ट 2025 मध्ये 556 जणांना चाव्या मिळाल्या. घर हक्काचं आहे, मिळालंच पाहिजे. पण सगळी दारं उघडी असणारी चाळ सोडून टॉवरच्या बंद दाराआड गेल्यावर तेरा वर्षांच्या मुलाला मित्र उरतात का? मुलीला पहिल्यांदा दार लावून बसता आलं, तर तिची झोप सुधारते का? मला वाटतं काही मुलांचं बरं होईल, काहींचं बिघडेल. पण हा झाला माझा अंदाज, आणि चाळीच्या गोडव्यावर लिहिणाऱ्यांचाही अंदाजच असतो. त्यांतल्या बऱ्याच जणांनी चाळ सोडून जमाना झाला. स्थलांतराआधी एकदा आणि नंतर दोनदा विचारलं, तरच काही ठोस कळेल.

हे काम अवघड नाही, नाजूक आहे. उत्तरपत्रिकेवर नाव नको. वर्गात त्या तासाला शिक्षक नकोत. पालकांची संमती घ्या, पण मुलानं नको म्हटलं तर तेही माना. प्रश्न पालिका शाळांच्या आठही भाषांत असू द्या. गिरगाव-दादरच्या खासगी अनुदानित शाळाही घ्या, नाहीतर दुःख फक्त पालिकेच्या शाळेतच असतं असा समज पसरेल. या आकड्यांवरून शाळांची क्रमवारी लावणार नाही, असं आधीच लेखी जाहीर करा; एकदा क्रमवारी लागली की मुख्याध्यापक मुलांना उत्तरं पढवतील. आणि ज्या दिवशी प्रश्न विचाराल, त्या दिवशी शाळेत समुपदेशक हजर ठेवा. एखादी मुलगी तास संपल्यावर थांबून बोलू लागली, तर तिला ‘पुढच्या आठवड्यात ये’ असं सांगता येत नाही. केईएम आणि वाडिया रुग्णालय परळलाच आहेत; माणसं तिथून मिळतील.

चाळी टप्प्याटप्प्यानं रिकाम्या होत आहेत. कोणती इमारत कधी हलणार याची यादी म्हाडाकडे असते. ती मागवून घ्या आणि पहिली फेरी नायगावपासून सुरू करा.

आपला,
परळचा एक पालक