ऑपरेशन कुणाचं?



आमच्या वस्तीत ‘ऑपरेशन’ हा शब्द बाईचाच. “हिचं ऑपरेशन झालं का?” असं सगळे विचारतात. “तुझं झालं का?” असं गड्याला विचारा, मारामारी होईल. गेल्या महिन्यात गोदीत चहा पिताना मी टोळीला सांगितलं, दुसरं पोर झालं, आता मी नसबंदी करून घेणार. सगळे गप. मग मुकादम म्हणाला, “कवी, गोणी कोण उचलणार मग? तुझी बायको?” आख्खी टोळी हसली. हे संपादकीय त्या हसण्यावर आहे.

आधी आजाचं सांगतो. १९७६ साली तो सफाईच्या कामावर होता. वरून हुकूम आला, नसबंदीचा कागद दाखवा आणि पगार न्या. तो गेला. कागद आणला, पगार घेतला आणि मरेपर्यंत त्यावर एक शब्द बोलला नाही. आम्हाला कळलं ते आजीकडून.

तो एकटा नव्हता. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांवर नसबंद्या झाल्या. त्यातल्या ६० लाखांवर पुरुषांच्या. हरियाणातलं उटावड गाव पोलिसांनी रात्री घेरलं. आपल्या बार्शीत रस्त्यावरून माणसं धरून नेली. महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तर तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची, नाही केली तर तुरुंग, असं विधेयकच १९७६ साली मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून कायदा झाला नाही. सुरी कुणावर चालली ते सांगायला नको. ज्याच्यामागं वशिला नाही, त्याच्यावर.

१९७७ ला सरकार पडलं. व्यवस्था शहाणी झाली. पुरुष चिडतो, मतपेटीतून सूड घेतो, तेव्हा त्याला सोडा, बाईला धरा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शंभर विवाहित बायकांमागं जवळजवळ ३८ जणींचं ऑपरेशन झालेलं. पुरुषांची नसबंदी? हजार जोडप्यांमागं तीन! २०१४ च्या नोव्हेंबरात बिलासपूरजवळच्या शिबिरात एकाच डॉक्टरनं काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं उरकली. त्यातल्या कितीतरी जणी मेल्या. गरीबाघरच्याच होत्या.

आणि आपण काय केलं? आजाच्या जखमेआड लपलो. ‘आमच्यावर जुलूम झाला’ म्हणत बायकोला टेबलावर पाठवत राहिलो. माझी बायको दुसऱ्या बाळंतपणानंतर खाटेवर होती, अंगात रक्त नाही, तरी नर्सबाई तिलाच म्हणाल्या, आता आटपून टाक. मी दारात उभा होतो. मला कुणी विचारलं नाही. आणि खरं लिहायचं तर, त्या क्षणी मला बरंच वाटलं. ती लाज अजून उतरलेली नाही.

आता मुकादमाच्या प्रश्नाचं उत्तर. बाईच्या ऑपरेशनात पोट उघडावं लागतं नाहीतर पोटात दुर्बीण घालावी लागते. पुरुषाला जागेपुरती भूल देतात, अंडकोशाच्या कातडीला बारीक छिद्र पाडतात, बीज वाहून नेणाऱ्या दोन नळ्या कापून बांधतात. बिनटाक्याची नसबंदी म्हणतात ती हीच. पंधरा-वीस मिनिटं. अंड काढत नाहीत, त्यातून रक्तात जाणारा रस तसाच जातो, म्हणून ताकद, दाढीमिशी, बायकोजवळ जाणं, सगळं तसंच राहतं. वीर्यही येतं, फक्त त्यात बीज नसतं. मात्र लगेच नाही. तीन महिने निरोध वापरायचा, मग वीर्य तपासून घ्यायचं. हे न सांगितल्यामुळं बायको पुन्हा गरोदर राहते आणि संशयाची कुऱ्हाड तिच्यावरच पडते. जड ओझं आठवडाभर उचलायचं नाही. आठवडाभर, मुकादम! जन्मभर नाही.

पण हे कायमचं आहे. नळी पुन्हा जोडतात, भरवसा नाही. तेव्हा बिनलग्नाच्या पोरांनी जोशात जाऊ नये. आणि रोगापासून राखतो तो निरोधच.

काही कार्यकर्ते म्हणतात, आपली संख्या हीच आपली ताकद. त्यांनी १९३८ चं साल बघावं. मुंबईच्या कायदेमंडळात स्वतंत्र मजूर पक्षाच्या पी. जे. रोहमांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. भाषण बाबासाहेबांनी तयार केलेलं. बाळंतकळा पुरुषाला सोसाव्या लागल्या असत्या तर एकाच्या वर पोर त्यानं होऊ दिलं नसतं, हा मुद्दा त्यात आहे. सभागृहानं ठराव फेटाळला. आपण तरी वेगळं काय करतोय? संख्या वाढवायची ती कुणाच्या पोटातून, हे तिला विचारलंय का?

आणि कुणी टार्गेटची वही घेऊन वस्तीत आलाच, तर त्याला विचारा, “तुझ्या साहेबाचं झालं का?” सक्तीला आपला विरोध काल होता, आज आहे. आजाचा कागद आणि माझा कागद एक नाही. त्याला पगारासाठी सही करावी लागली. मी बायकोशी बोलून करतोय.

येत्या सोमवारी जातोय. मुकादमाकडं आठवड्याची रजा मागितली, कारण खरं ते सांगितलं. आईनं दोन दिवस बोलणं टाकलंय. ज्याला सोबत यायचंय त्यानं रविवारच्या बैठकीत सांगावं.